‘चित्र काढता येतं ना? मग चित्रकलेचा शिक्षक हो!’

एक संदेश सध्या खूप फिरतो आहे. मला तो चौघांकडून आला, त्यातल्या दोघी माझ्या जुन्या विद्यार्थिनी. मजकूर थोडक्यात असा: हात बरा असेल तर शाळेत चित्रकला शिकवण्यासारखं सोपं काम नाही. चित्र काढता आलं की शिकवता येतंच. लहान मुलांना शिकवायचं तरी काय, रंग-कागद द्यावेत आणि बाजूला व्हावं. कला मुळात अंगात असावी लागते. ज्यांच्या अंगात आहे त्या दोन-चार मुलांकडे लक्ष दिलं की झालं. ना तपासणी, ना ताण. आणि चित्रकार म्हणून ज्यांचं जमलं नाही त्यांना ही हक्काची जागा, वर स्वतःच्या चित्रांना भरपूर वेळ.

त्या दोघींपैकी एक खरंच हे काम धरायच्या विचारात आहे. तिच्याशी फोनवर बोलले, पण बरंच सांगायचं राहून गेलं. ते इथे लिहिते.

चित्र काढता आलं की शिकवता येतं, हा पहिला मुद्दा. शिक्षकाला चित्र काढता यायलाच हवं, याबद्दल माझं दुमत नाही. ज्याचा स्वतःचा हात चालत नाही, त्याला मुलाच्या रेषेतली धडपड दिसत नाही. पण ‘येतंच’ हा शब्द चुकीचा आहे, आणि तो किती चुकीचा आहे हे मला पहिल्याच वर्षी कळलं. सहा वर्षांच्या एका मुलाने टेबल काढलं होतं. मध्ये चौकोन, आणि चार कोपऱ्यांतून चार दिशांना पसरलेले चार पाय, जणू टेबल जमिनीवर चेपून सपाट केलंय. माझा हात तयार, मान्यताप्राप्त शिक्षण घेतलेला. मी त्याच्या वहीत शेजारी ‘बरोबर’ टेबल काढून दाखवलं, यथार्थदर्शनाच्या, म्हणजे वस्तू डोळ्याला दिसते तशी काढण्याच्या नियमांनी, मागचा एक पाय झाकला गेलेला. त्याने दोन्ही चित्रं पाहिली आणि विचारलं, ‘‘बाई, मग चौथा पाय कुठे गेला?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या दृष्टीने मी टेबल मोडलं होतं.

फ्रान्सच्या जॉर्ज-आँरी ल्युके यांनी मुलांच्या चित्रांचा अभ्यास करून १९२७ साली नेमकं हेच मांडलं होतं: या वयाचं मूल दिसतं ते काढत नाही, त्याला ठाऊक असतं ते काढतं. टेबलाला चार पाय असतात, म्हणून चार. घरात माणसं असतात, म्हणून भिंतीतून आरपार माणसं दिसतात. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली या वाढीचे टप्पे सविस्तर मांडले. दोन ते चार वर्षं गिरगोट्यांची, मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, सातच्या सुमारास कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि वर आभाळाची पट्टी, नऊच्या पुढे ‘खरं दिसलं पाहिजे’ ही ओढ. वयं काटेकोर नसतात, एकाच वर्गात तीन टप्प्यांची मुलं बसलेली असतात. चित्र समोर आलं की हे मूल आत्ता कुठे आहे आणि त्याला पुढची कुठली एकच गोष्ट द्यावी, हे ओळखता आलं पाहिजे. माझ्या मते शिकवणं म्हणतात ते एवढंच आहे, आणि ते आपल्याला स्वतःला छान टेबल काढता आल्याने येत नाही. त्या मुलाला मी विचारायला हवं होतं, ‘‘या टेबलावर काय काय ठेवलंय?’’ त्याने त्या चौकोनात ताटल्या काढल्या असत्या, आणि चित्र त्याचंच राहिलं असतं.

यावर कोणी म्हणेल, मग बाजूलाच व्हा की! संदेशातला हा दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो मुलांच्या बाजूचा वाटतो. तो नवाही नाही. व्हिएन्नामध्ये फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला, तेव्हा शाळांमध्ये नमुने घोटून घेण्याची पद्धत होती. तिला विरोध करून मुलांना मोकळं सोडणारा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. पण त्या वर्गातही विषय दिले जात, कागद कापायला, लिनोवर, म्हणजे छापे काढायच्या मऊ पत्र्यावर, कोरायला शिकवलं जाई. मोकळीक होती, आणि तिच्या मागे शिक्षकाची तयारी होती.

बाजूला झालेल्या शिक्षकाच्या वर्गात काय होतं ते दहा-अकरा वर्षांच्या मुलांमध्ये पाहावं. तोवर बेधडक चित्रं काढणारी मुलं या वयात थबकतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीची सगळी माणसं हात पाठीमागे बांधून उभी असायची. विचारलं तर म्हणाली, ‘‘मला बोटं येत नाहीत.’’ तिने आधी बोटं काढून पाहिली होती. खोडरबराने तिथला कागद झिजून भोक पडलं होतं. डोळा पुढे गेलाय आणि हात मागे राहिलाय, हे तिला कळत होतं. अशा मुलीला ‘मनाला येईल ते काढ’ म्हणणं म्हणजे तिला एकटं सोडणं. मी तिला डावा हात बाकावर ठेवायला सांगितलं. कागदाकडे अजिबात न बघता, नजर बोटाच्या कडेवरून मुंगीसारखी सरकवायची आणि पेन्सिल तेवढ्याच संथपणे चालवायची. पहिलं चित्र वेडंवाकडंच आलं. पण अंगठ्याच्या पेराजवळच्या सुरकुत्या त्यात अगदी खऱ्या होत्या, आणि त्या तिने याआधी कधी पाहिल्याच नव्हत्या. तीन आठवडे आम्ही दर तासाला पाच मिनिटं हेच केलं. चौथ्या आठवड्यात तिच्या चित्रातल्या बाईने हातात छत्री धरली.

रंगांचंही तसंच. तांबडा आणि निळा मिळून जांभळा होतो, हे पाठ असलेलं मूल शेंदरी छटेचा तांबडा घेतं, त्यात निळा कालवतं आणि मळका तपकिरी पाहून हिरमुसतं. शेंदरी छटेत पिवळ्याचा अंश असतो, तो निळ्याला मारतो. त्या जागी किरमिजी घ्यायला हवा. हे सांगायला तिथे कोणीतरी हवं ना?

‘कला अंगात असावी लागते’ याबद्दल. कल कमीजास्त असतो, मान्य. पण ‘याला येतच नाही’ असं ज्यांच्याबद्दल ठरवलं जातं, त्या मुलांची अडचण पुष्कळदा भलतीच निघते. डावऱ्या मुलाचं कातरकाम दातेरी येतं, कारण उजव्या हाताच्या कात्रीचं वरचं पातं नेमकी कापायची रेघ झाकतं. पानं तपकिरी रंगवणारा मुलगा आळशी नसतो. तांबडा-हिरवा ओळखण्यातला दोष एक्स गुणसूत्रातून येतो, म्हणून तो मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये कितीतरी अधिक आढळतो, आणि तो पहिल्यांदा लक्षात येण्याची जागा बहुधा चित्रकलेचा तासच. दोन-चार मुलांचाच शिक्षक असलेल्याला यातलं काही दिसणार नाही.

ताण नाही म्हणणाऱ्याने चाळीस मुलं, चाळीस मिनिटं आणि पाण्याचे वीस डबे असा एक तास घेऊन पाहावा. वाटप, आवराआवर आणि ओली चित्रं वाळत घालणं यात पंधरा मिनिटं जातात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत प्रत्येकाजवळ एकदा पोचायचं असतं. डबे अर्धेच भरायचे, हे मला दोन वह्या भिजल्यावर सुचलं.

शेवटचा मुद्दा, हरलेल्यांची जागा. बाउहाउस या जर्मनीतल्या नामांकित कलाशाळेचा पायाभूत अभ्यासक्रम उभा करणारे योहानेस इटेन हे प्रशिक्षण घेतलेले प्राथमिक शिक्षक होते. तोच अभ्यासक्रम पुढे चालवणारे योझेफ आल्बर्स यांनीही आधी शाळेत मुलांना शिकवलं. रंग शेजारच्या रंगामुळे कसा बदलतो, हे ते पुढे विद्यार्थ्यांना रंगीत कागदांच्या तुकड्यांवर दाखवत, आणि त्यांची चौकोनांची प्रसिद्ध चित्रमालिका १९५० पासून त्याच शोधावर उभी राहिली. राखाडी कागदाचे दोन सारखे तुकडे, एक काळ्यावर आणि एक पांढऱ्यावर ठेवून माझ्या वर्गाला दाखवले, की ‘‘बाई, दोन वेगळे घेतलेत तुम्ही!’’ असा ओरडा दर वर्षी होतो.

स्वतःच्या चित्रांना वेळ मिळतो का? मिळतो, पण भरपूर नाही. सत्र संपताना तर बिलकूल नाही. मी रविवारी सकाळी काढते. ते न सोडण्याचा हट्ट धरावा लागतो.

तर फोन केलेल्या मुलीसाठी एवढंच: होकार देण्याआधी सहा वर्षांच्या एका आणि अकरा वर्षांच्या एका मुलाशेजारी अर्धा-अर्धा तास बस. बोलू नकोस, पेन्सिलीला हात लावू नकोस. आधी काय काढलं, नंतर काय, कुठे थांबलं, कुठे खोडलं, ते क्रमाने लिहून काढ. तो कागद घेऊन माझ्याकडे ये.