नाकाबंदीवरचा माणूस

आज 26 नोव्हेंबर, 2008 च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्याचा दिवस. सकाळपासून सगळ्या ग्रुपवर तेच फोटो फिरताहेत, करकरे साहेब, कामटे साहेब, साळसकर साहेब आणि खाली कोपऱ्यात तुकाराम ओंबळे. टाकणाऱ्यांना नावं नाही ठेवत, मीपण दरवर्षी टाकते. पण ओंबळेंबद्दल एक गोष्ट खूप दिवसांपासून मनात आहे ती आज लिहूनच टाकते.

माझे पप्पा नाशिकला हवालदार होते. पोलीस लाईनीतली दोन खोल्यांची क्वार्टर, दारामागे खिळ्याला टोपी आणि कोपऱ्यात काठी. सुट्टी मिळाली की पप्पा त्या काठीला तेल पाजायचे, फडक्याने वरपासून खालपर्यंत, आणि आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. 2008 ला त्या रात्री ते नाशिकच्याच मुंबई नाक्यावर नाकाबंदीला होते. आम्ही टीव्हीसमोर, मम्मी सारखी फोन लावतेय आणि ते उचलत नाहीयेत. पहाटे एकदाच उचलला आणि म्हणाले, "झोपा गं, इथे शांत आहे."

नंतर ओंबळे आणि बाकीच्या पोलिसांनी कसाब या अतिरेक्याला कसं पकडलं ते बातम्यांत सविस्तर यायला लागलं तेव्हा पप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हातात काय होतं ओंबळेंच्या?" मी म्हटलं, काठी. पप्पा काहीच बोलले नाहीत, जेवायचं ताट तसंच पुढे, आणि नजर दारामागच्या कोपऱ्याकडे.

म्हणजे बघा, गिरगाव चौपाटीवर त्या रात्री जे होतं ते काय होतं, तर नाकाबंदी. वायरलेसवर मेसेज आला की दोघे अतिरेकी स्कोडा गाडी घेऊन पळालेत, आणि तिथे बॅरिकेड लावून पोलीस उभे. गाडी वळवायच्या नादात डिव्हायडरवर चढली, कसाबचा साथीदार इस्माईल गोळीबारात मेला आणि कसाब बाहेर आला तो एके-47 घेऊन. 54 वर्षांचे ओंबळे पुढे झाले, रायफलची नळी हातांनी धरली आणि सगळ्या गोळ्या स्वतःच्या अंगात घेतल्या, पण सोडली नाही, तोवर बाकीच्यांनी काठ्यांनीच कसाबला पाडलं. दहा जणांतला तो एकटाच जिवंत सापडला. तो बोलला, खटला उभा राहिला, आणि हे कुठून आले, कोणी पाठवले, ते जगापुढे मांडता आलं. 2009 ला ओंबळेंना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. 2021 ला कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी त्यांचं नाव दिलं, इसियस तुकारामी, हे वाचून मला खरंच रडू आलं होतं.

आणि हीच नाकाबंदी आपल्याला नको असते. नाशिकमध्ये द्वारका चौकात, सीबीएसला, गंगापूर रोडला पोलिसाने हात केला की आपला पहिला शब्द काय असतो? "सोडा ना साहेब, घाईत आहे." नाहीतर लगेच कुणालातरी फोन लावून तो पोलिसाच्या कानाला. पैसे मागणारेही असतात, मला माहितीये, पोलिसाची मुलगी आहे म्हणून मी ते झाकणार नाही. पण त्या चौकात उभा असलेला माणूस पुढच्या गाडीत कोण आहे ते माहीत नसताना हात वर करतो, रोज करतो. पप्पांना एका पोराने बाईकसकट फरफटत नेलं होतं, लायसन्स नव्हतं म्हणून. खांदा आजही पूर्ण वर जात नाही. 2016 ला मुंबईत विलास शिंदे हवालदारांचा तर जीवच गेला, विनाहेल्मेट पोराला अडवलं एवढ्यावरून डोक्यात मारलं त्यांच्या. त्यांचा फोटो आज कुणाच्या स्टेटसला दिसला नाही मला.

मला ओंबळेंना देवासारखं वर नेऊन ठेवायचं नाहीये. ते अशाच एका नाक्यावर उभे असलेले, घरी डबा धुऊन ठेवायला सांगून निघणाऱ्यांपैकी होते, आणि म्हणूनच त्यांनी जे केलं ते मला जास्त मोठं वाटतं.

गेल्या महिन्यात 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनाला पप्पांसोबत पहिल्यांदाच गेले. 1959 ला लडाखला हॉट स्प्रिंग्जमध्ये सीआरपीएफचे 10 जवान चीनच्या गोळीबारात गेले, त्यांच्यासाठीचा हा दिवस. तिथे वर्षभरात देशात ड्युटीवर गेलेल्या सगळ्या पोलिसांची नावं वाचून दाखवतात, एकेक करून. खूप वेळ लागतो. मागे खुर्च्या होत्या, मी म्हटलं पप्पा बसा, गुडघे दुखतात तुमचे. त्यांनी नुसती मान हलवली, आणि शेवटचं नाव होईपर्यंत तसेच उभे राहिले.