हलकं काहीतरी

"आज रात्री हलकंच काहीतरी कर गं," असं नवरा म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. हलकं हे खाणाऱ्याला असतं. मी मात्र उत्साहाने भाजलेल्या भाज्यांचं सूप आणि चीज टोस्ट जाहीर करून बसले. कृतीत 'पूर्वतयारी 10 मिनिटं' असं लिहिलं होतं. त्या 10 मिनिटांत माझा लाल भोपळासुद्धा चिरून झाला नाही. सुरी त्यात रुतून बसली होती आणि मी ती भोपळ्यासकट ओट्यावर आपटत होते.

मग टोमॅटो, गाजरं, कांदे, ढोबळी मिरची, सगळ्यांना तेल-मीठ चोळलं. भाज्या दोन ट्रेच्या होत्या, पण दुसरा ट्रे काढायचा म्हणजे आणखी एक भांडं घासायचं, म्हणून एकाच ट्रेमध्ये त्यांना एकमेकींच्या मांडीवर बसवलं. लसणाचा अख्खा गड्डा शेंड्याकडून कापून, तेल घालून फॉइलमध्ये गुंडाळला आणि खालच्या जाळीवर मागे सरकवला. ओव्हन 200 अंशांवर.

अर्ध्या तासाने दार उघडलं तर वाफेने चष्माच गेला. पुसून पाहते तर भाज्या भाजल्या नव्हत्या, उकडल्या होत्या. भाजीच्या अंगावर पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या वर सरकत नाही आणि तो खमंग तपकिरी रंग नीट चढायला साधारण 140 तरी लागतात. अमिनो आम्लं आणि साखर एकत्र तापवली की असा रंग येतो, हे मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली मांडलं. ट्रे कोण घासणार, हा प्रश्न त्याला पडला नसावा. मी निमूट दुसरा ट्रे काढला.

आणखी 25 मिनिटांनी भाज्यांच्या कडा काळपट झाल्या, मिरचीची सालं फुगली. "आई, काहीतरी जळतंय," असं मुलगा आतून ओरडला, म्हणजे जमलं होतं. लसूण तेवढा कडक वाटला, म्हणून 'राहू दे अजून पाच मिनिटं' म्हणत दार लावलं.

आता मिक्सर. गरम पदार्थ भांड्यात अर्ध्याच्या वर भरू नये, वाफेला वाट ठेवावी, झाकणावर फडकं धरावं, हे सगळं मला ठाऊक आहे. बहिणीला मी ते फोनवर सांगितलेलं आहे, जरा वरच्या पट्टीत. पण दोनदा कोण फिरवणार? गळ्यापर्यंत भरलं आणि बटण दाबलं. कोंडलेल्या वाफेने झाकण उडवलं. सूप भिंतीवर, कॅलेंडरवर आणि छताला. मी मागे सरकले म्हणून वाचले. मुलगा दारात येऊन वर बघत म्हणाला, "हेच खायचंय?"

टोस्टची कथा छोटी आहे. मुरलेलं महागडं चीज ग्रिलखाली तेल सोडून रवाळ झालं. साध्या प्रोसेस्ड चीजचे काप मात्र शहाण्यासारखे वितळले. तरी ब्रेडची पहिली खेप काळी झालीच, कारण मी चिमटा शोधायला वळले होते.

जेवताना नवऱ्याने पहिल्या घोटाला डोळे मिटले. "लसूण भाजून घातला की काय उतरतो, नाही? कच्च्याला ही सर नाही."

"गड्डा अख्खाच भाजायचा असतो," मी नम्रपणे म्हणाले. मलाही तो छान लागत होता. अगदी मागून, हळूच येणारा.

सकाळी घासलेले ट्रे ठेवायला ओव्हन उघडला. खालच्या जाळीवर, मागे, फॉइलची पुरचुंडी तशीच होती. दाबून पाहिली. आत लसूण लोण्यासारखा मऊ झाला होता. मी तो उरलेल्या ब्रेडला लावून उभ्याउभ्या खाल्ला आणि फॉइल कचऱ्याच्या डब्यात अगदी तळाशी दडपली.