काशीस जावे, गालिचा आणावा

आमच्या घरात सकाळचा गजर कुणी लावत नाही. मी शिंकते. पहिल्या चार शिंकांना नवरा कूस बदलतो, आठवीला मुलगी उशी डोक्यावर ओढते आणि बाराव्या-तेराव्या शिंकेला आतल्या खोलीतून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, विचारतात, "चहा टाकलास का गं?" उच्चांक बावीसचा आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा लिफ्टमध्ये काळजीच्या सुरात म्हणाल्या, "आज सोळाच? बरं नाही का?"

एक शिंक म्हणजे थांब, दोन म्हणजे खुशाल जा, आणि कुणी बोलत असताना शिंक आली तर ते बोलणं सत्य, एवढं शास्त्र आपल्याकडे लहानपणीच शिकवतात. बावीस शिंकांचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. आईंनी आपल्यापुरता तोडगा काढलाय. सम आल्या की त्या भाजीला निघतात, विषम आल्या की घोटभर पाणी पिऊन पाच मिनिटं दारात थांबतात. "यंदा तुझ्या माहेरच्यांनी जरा जास्तच केलं," असं नवरा म्हणाला तेव्हाही मला नेमकी शिंक आली, आणि ते वाक्य घरात कायमचं सत्य होऊन बसलं.

हे सगळं वाढलं ते गालिचा आल्यापासून, असं माझं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी आम्ही आईंना काशी घडवली. काशीला काहीतरी सोडून यायचं असतं. आईंनी दुधी भोपळा सोडला. माझ्या लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांना तो खाताना मी एकदाही पाहिलेलं नाही. मी राग सोडणार होते, पण परतीच्या तिकिटांचा घोळ झाला आणि राहून गेलं. नवऱ्याने सोडलं काहीच नाही. उलट गाडी करून तो भदोहीला जाऊन आला आणि येताना आठ बाय पाचचा डाळिंबी रंगाचा लोकरी गालिचा घेऊन आला. दुकानदाराने म्हणे गालिचा उलटा करून पाठीमागच्या गाठी मोजून दाखवल्या. तेव्हापासून घरी कुणीही आलं की चहाच्या आधी आमच्याकडे गालिच्याची पाठ दाखवतात.

सुरुवातीला त्यावर पाय ठेवायचीही बंदी होती. मग ती सैल झाली. आई त्यावर जपाला बसू लागल्या, मुलगी पोटावर पडून अभ्यास करू लागली आणि घरातलं जे जे म्हणून सांडण्यासारखं होतं ते ते त्यात सांडलं. फरशीवर सांडलेलं दिसतं तरी. गालिचा ते गिळतो आणि वर चेहरा डाळिंबीच ठेवतो. दिवाळीत सांडलेला चिवडा आम्हाला संक्रांतीला सापडला. मुलीने एक पोहा तोंडात टाकून पाहिला आणि म्हणाली, "अजून कुरकुरीत आहे."

शेवटी डॉक्टरांकडे गेले. अ‍ॅलर्जीची चाचणी करायची म्हणून आठवडाभर आधी गोळी बंद. त्या आठवड्याबद्दल मी काही लिहीत नाही, काकूंना विचारा. चाचणीच्या दिवशी बाईंनी माझ्या हातावर पेनाने आकडे लिहिले, प्रत्येक आकड्यापाशी एकेक थेंब ठेवला आणि त्या थेंबातून बारीक टोचलं. एक थेंब गाजर गवताच्या परागांचा, एक झुरळाचा, एक मांजराचा, एक बुरशीचा, एक धुळीतल्या किड्याचा. शिवाय एक हिस्टामाइनचा, जो सगळ्यांनाच खाजतो, आणि एक मिठाच्या पाण्याचा, जो कुणालाच खाजू नये. मग पंधरा-वीस मिनिटं हात पुढे धरून बसायचं आणि काही झालं तरी खाजवायचं नाही. समोरच्या बाकावर एक आजोबा अशीच परीक्षा देत होते. आम्ही एकमेकांच्या हाताकडे दहावीच्या मुलांसारखे चोरून बघत होतो.

मिठाच्या पाण्यापेक्षा तीन मिलिमीटरने मोठी गांध उठली की तुम्ही नापास. गाजर गवतात मी पास झाले. पुण्यात राहून हे सोपं नाही. ते गवत 1950च्या दशकात भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेच मुळी पुण्यात. (याचा अभिमान बाळगायचा की नाही, हे पुण्यात अजून ठरलेलं नाही.) धुळीच्या किड्याची गांध मात्र नऊ मिलिमीटर भरली. डॉक्टरांनी पट्टी लावली, पुन्हा लावली आणि म्हणाले, "छान!" एवढ्या मनापासून शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

हा किडा म्हणजे कोळ्याच्या कुळातला आठ पायांचा जीव. पाव मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे डोळ्यांना दिसतच नाही. तो चावत नाही, पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो, म्हणजे पावसाळ्यात त्याची चैन. खायला काय, तर आपल्या अंगावरून झडलेली कातडी. इथवर ऐकून मला त्याच्याबद्दल जरा मायाच वाटायला लागली होती. एवढा कमी खर्चाचा पाहुणा आमच्याकडे आजवर आलेला नाही. पण अ‍ॅलर्जी असते ती मुख्यतः त्याच्या लेंड्यांची, आणि त्या तो दिवसाला वीसेक टाकतो. हे मी घरी सांगितलं तेव्हा आईंच्या हातातली माळ थांबली. "अगं, मी त्याच्यात बसून जप करते!"

झालं, गालिच्यावर खटला उभा राहिला. नवऱ्याने वकीलपत्र घेतलं. "गालिचा धूळ धरून ठेवतो. फरशीवर तीच धूळ पंख्याबरोबर नाकाशी उडत राहते." हे अगदीच चूक नव्हतं, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, "धरून ठेवतो खरा, पण कुणी पाऊल टाकलं की सगळ्यांना जामीन!" तडजोड म्हणून व्हॅक्यूम क्लीनर आला. तो पुढून ओढायचा आणि गाळणी साधी असल्यामुळे बारीक धूळ मागून सोडायचा. जिवंत किडे लोकरीला पाय रोवून बसतात, ते त्याला दाद देत नाहीत. दर रविवारी नवरा तासभर पिकावर फवारणी केल्यासारखा गालिच्यावरून फिरायचा आणि मी पुढचा अर्धा तास, धूळ खाली बसेपर्यंत, जिन्यात.

अखेर गालिच्याची गुंडाळी झाली आणि चार माणसांच्या मदतीने तो माळ्यावर गेला. नवरा त्या दिवशी जेवला, पण बोलला नाही.

आता घरात नुसती पांढरी फरशी. फरशीचा स्वभाव स्पष्टवक्ता. दिवाणाखालचे धुळीचे पुंजके पंखा लावला की लोळत लोळत दिवाणखान्यात यायचे, नेमके पाहुणे असताना. कोरड्या झाडूने धूळ उडते, म्हणून मी मावशींना म्हटलं, आधी ओलं फडकं फिरवा, झाडूचं नंतर बघू. मावशींनी कमरेवर हात ठेवला. "ताई, आधी पुसायचं आन् मग झाडायचं? उद्या म्हणाल, आधी जेवा, मग रांधा." शेवटी झाडूला स्वयंपाकघर दिलं आणि बाकी घर फडक्याला. एवढं करून शिंका सोळाच्या तेरा झाल्या.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "झोपता कुठे?"

मी रोज सात-आठ तास ज्याच्यावर नाक दाबून पडते, त्या गादीचा विचार खटल्यात कुणी केलाच नव्हता. आईंना मात्र आयता मुद्दा मिळाला. त्यांच्या वेळी उन्हाळ्यात गाद्या गच्चीवर टाकत, आणि पिंजारी धनुकलीचा तो टंग टंग आवाज करत दारात यायचा, जुना कापूस पिंजून गादी पुन्हा भरून द्यायचा. आमची स्प्रिंगची गादी आणली तेव्हाच लिफ्टमध्ये मावली नव्हती. तिने गच्ची कधी पाहिली नाही, बहुतेक पाहणारही नाही.

मग गादी-उशांना चेन लावलेल्या घट्ट विणीच्या खोळी चढल्या. चादरी दर आठवड्याला साठ अंशांच्या पाण्यात. माझ्या आजीच्या इरकली लुगड्यांची गोधडी मी छातीवर दगड ठेवून मशीनमध्ये टाकली. गोधडी बाहेर आली, आणि नवऱ्याचे चार बनियन डाळिंबी झाले. मी म्हटलं, घे, तुझा आवडता रंग. मुलीचं कापडी अस्वल गरम पाण्यात टिकणार नाही, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून पिशवीत बांधून एक अख्खा दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं, मटार आणि खोवलेल्या नारळाच्या मध्ये. थंडीने किडे मरतात, पण मेले तरी ऐवज मागे ठेवून जातात, म्हणून नंतर ते धुवायचं होतंच. त्या दिवशी नणंद बर्फ घ्यायला गेली आणि फ्रीजर उघडल्यावर जे ओरडली, ते काकूंनी खालीही मोजलं असणार.

आता शिंका पाच-सहावर आल्यात. परवा काकू म्हणाल्या, "बाहेरगावी गेला होतात का?"

आणि काल रात्री जेवताना नवऱ्याने वरणात भात कालवत, माझ्याकडे न बघता विषय काढला. "मूळ गुन्हेगार गादीच निघाली. मग गालिचा उतरवू या का माळ्यावरून?"

मी तोंड उघडलं आणि मला शिंक आली. एकच. आईंचा घास हातात थांबला. "सत्य" म्हणायचं की "थांब" म्हणायचं, हे त्यांच्या चेहऱ्यावर ठरेना. नवरा वाटी खाली ठेवून माझ्या नाकाकडे बघत राहिला, मुलगीही. दुसरी येईल म्हणून आम्ही चौघं बराच वेळ तसेच बसलो होतो.