तीन प्लग आणि अख्खी परभणी

झिरो फाटा यायच्या थोडं आधी आमची मारुती आठशे मिसिंग मारायला लागली. मागच्या सीटवर बायको, सासूबाई, एक पितळी समई आणि आंब्याची पेटी, वसमतला साडूच्या घराची वास्तुक, मुहूर्त अकराचा, आणि गाडी चालतेय म्हणजे चालतेय पण लंगडत. तीनच तर सिलिंडर, त्यातलं एक संपावर गेलं की उरलेल्या दोघांनी ओढायचं, पंगतीत ऐनवेळी वाढपी कमी पडल्यावर होतं तसं. एक रिकामा ट्रॅक्टर आम्हाला ओव्हरटेक करून गेला आणि त्याच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसानं आमच्याकडं बघून हातसुद्धा केला. सासूबाई म्हणल्या, "जावाई, गाडी उचक्या द्यायलीय का?"

इतकं अचूक निदान पुढच्या आठ दिवसांत एकाही पुरुषाला जमलं नाही.

गाडी दादांची. १९९८ची, कार्बोरेटरवाली, एमएच बावीस. ही मारुती १९८३च्या डिसेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची बंद झाली, पण दादांना हे कुणी सांगितलेलं नाही आणि आम्ही पण सांगत नाही. आत ठिणगी पाडणारे प्लग शेवटचे कधी बदलले हे विचारलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणले, "चांगलेत की."

घरी आल्यावर प्लग काढले. आता काढलेला प्लग म्हणजे डॉक्टरला जीभ दाखवायचा प्रकार, रंगावरून आतलं सगळं कळतं. टोक फिकं तपकिरी, चहा-कॉफीच्या रंगाचं, तर तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट म्हणजे रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील, म्हणजे खर्च, आणि पांढरंफेक म्हणजे आत नको तितकं तापतंय. आमचे दोन चहाच्या रंगाचे निघाले आणि तिसरा चुलीतून काढल्यासारखा काळा. शिवाय तिघांचेही इलेक्ट्रोड, म्हणजे जिथं ठिणगी पडते ती टोकं, उंदरानं कुरतडल्यासारखे झिजलेले.

एवढं दिसल्यावर नवीन तीन प्लग आणायचे, लावायचे, विषय संपला. पण परभणीत गाडीचं बॉनेट उघडं ठेवणं म्हणजे गल्लीला आवतन देणं. पहिले आले एसटीतून रिटायर झालेले मेकॅनिक काका. बत्तीस वर्षं सर्व्हिस, बोलायचा थाट असा की मी वही घेऊन बसलो. त्यांनी प्लग हुंगला, नखानं खरवडला, म्हणले, "हे बग, आपल्याकडं ऊन लई. बेचाळीस, त्रेचाळीस. इथं थंड प्लग लागतो. नंबर मोठा घे." मी तीन दिवस हेच सगळ्यांना सांगत फिरलो. एसटीच्या डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच, हे माझ्या डोक्यात चौथ्या दिवशी आलं.

दुकानात गेलो तर दुकानदार म्हणला नंबर सांगा. जुन्या प्लगवरचा नंबर गेलेला. गाडीचं पुस्तक काढलं तर गाडीपूजेच्या दिवशी सांडलेलं कुंकू नेमकं त्याच पानावर, आणि त्या कुंकवाखाली तो आकडा ५ आहे का ६ हे देवालाच माहीत, कारण पूजा त्याचीच होती. म्हणलं द्या मोठा. तो म्हणला, "कुण्या कंपनीचा मोठा?" आणि मग त्यानं काउंटरवर दोन डब्या ठेवून जे सांगितलं ते ऐकून मला खालीच बसावं वाटलं. जपानच्या एनजीकेचा आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. जर्मनीच्या बॉशचा जितका मोठा तितका गरम. एनजीकेचा ६ म्हणजे बॉशचा साधारण ७, आणि एनजीकेचा ५ म्हणजे बॉशचा ८. आता जगात जर्मनी आणि भारतात परभणी हे आम्ही लहानपणापासून छाती काढून म्हणत आलोय, पण ती जर्मनी आकडे जपानच्या उलट मोजते हे आम्हाला शाळेत कामून शिकवलं नाही?

बरं, त्या गरम-थंडाचा आपल्या उन्हाशी काही संबंधच नाही. प्लगच्या टोकाची उष्णता इंजिनाच्या हेडात किती लवकर उतरते, एवढाच त्याचा अर्थ. आतल्या पांढऱ्या चिनी मातीचं नाक आखूड असलं की उष्णता पटकन निघून जाते, तो थंड. लांब असलं की रेंगाळते, तो गरम. टोक साडेचारशे-पाचशे डिग्रीच्या वर राहिलं तर काजळी आपली आपण जळून जाते, आणि साडेआठशेच्या वर गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेट घ्यायला लागतं. त्या साडेआठशेपुढं आपले त्रेचाळीस म्हणजे काय हो, माघातली सकाळ. थोडक्यात कंपनीनं सांगितलेला नंबर घ्यायचा, आणि तो तर कुंकवाखाली. शेवटी दुकानदारानंच त्याच्या कॅटलॉगात बघून काढून दिला. एवढं आधीच केलं असतं तर? पण मग त्यानं करमणूक कुठून करून घ्यायची. जाताजाता इरिडियमचा दाखवला, हा लई दिवस चालतो म्हणला. किंमत ऐकून मी म्हणलं, एवढे दिवस गाडी तरी चालली पाहिजे.

आता लावणं. इंजिन गार असताना प्लग काढावेत, कारण हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात, हे सगळे सांगतात. पण एप्रिल महिन्यात परभणीत इंजिन गार कधी होतं हे एकजण सांगत नाही. रात्री दहाला हात लावला, तव्यासारखं. म्हणून पहाटे पाचचा मुहूर्त काढला. साडूला पण नव्हता एवढ्या पहाटेचा.

प्लगच्या दोन टोकांमधली गॅप ०.७ ते ०.८ मिमी पाहिजे. ती मोजायचं फिलर गेज माझ्याकडं नाही, मिस्त्री लोक लोखंड कापायचं एक्सॉ ब्लेड घालून बघतात, ब्लेड जरासं सैल गेलं की झालं. तेही जमलं. प्लग आधी हातानंच फिरवत बसवायचे, पाना लावायचा नाही, नाहीतर वाकडा आटा पडतो. हाताला टेकला की मग पान्यानं अर्धा वळसा, बास. हे सुद्धा इतकं छान जमलं की मी स्वतःशीच गुणगुणायला लागलो आणि तिथंच घात झाला, कारण एकेक वायर काढून एकेक प्लग बदलायचा सोडून मी तिन्ही वायरी आधीच उपसून ठेवल्या होत्या, आणि आता कुठली कुठं?

तीन वायरी तीन प्लगांना सहा प्रकारे लावता येतात. अकरावीला क्रमचय शिकताना याचा आयुष्यात काय उपयोग असं सरांना विचारलेलं, ते आठवलं. पहिल्या प्रकारात नुस्तं घुर्रर्र. दुसऱ्यात सायलेन्सरमधून असा बार निघाला की गल्लीतली कुत्री पार पाण्याच्या टाकीपर्यंत पळाली आणि एसटीवाले काका बनियनवर बाहेर आले. तिसऱ्यात गाडी एकदा खोकली. चौथ्यात बॅटरी गेली.

सात वाजता चौकातल्या चाचांचं पोरगं आलं, अंगात शाळेचा ड्रेस, दफ्तर पाठीवर तसंच. नुस्तं वाकून बघितलं, "अंकल, एक-तीन-दो हैना इसका, तुम क्या क्या करके रखे," म्हणत ठिणगीच्या त्या क्रमानं दोन वायरी अदलाबदल केल्या आणि म्हणलं, "धक्का मारो." मी, काका आणि दूधवाल्यानं धक्का मारला. गाडी सुरू झाली. आवाज असा लोण्यासारखा की बायको गॅलरीत येऊन बघून गेली. पोरानं पैसे नक्को म्हणत चॉकलेटपुरते घेतले आणि शाळेला गेलं.

दादा बाजेवर बसून सगळं बघत होते. जुने तीन प्लग त्यांनी मागून घेतले, धोतराला पुसले, म्हणले, "हे दोन तर चांगलेत, कामून काढले?" आणि उठून माळ्यावरचा डालड्याचा डबा काढला. आत जुने दहा-बारा प्लग, आणि खाली जुन्या पेपरात गुंडाळलेले दोन कोरे, अजून ग्रीस लागलेले. नंबर मी आणलेल्याच प्लगचा.

"दोनच? तिसरा कुठंय?"

"त्या रिक्षावाल्याला दिलाय. आणून देतो म्हणलाय."

"कधी दिला?"

दादांनी पेपर उघडला. "दे की रे आणून, एवढी काय घाई."