बॅग फुकट, बाकी विकत

क्रेडिट कार्ड घ्याच. विचार करत बसू नका, विचार करणाऱ्यांना बोनस मिळत नाही. दुकानाच्या दाराशी टेबल टाकून, टाय लावून उभा असलेला पोरगा आधी तुमच्याशी कन्नडमध्ये बोलेल. तुम्ही नुसतं बघत राहिलात की हिंदीत येईल, आणि बायकोला तुम्ही "चल गं" म्हणालात की लगेच, "दादा, दोन मिनिटं, जॉइनिंग बोनस आहे!" सीमाभागात भाषेचा प्रश्न सुटत नाही म्हणतात. टार्गेट असलं की सुटतो.

त्याच्या टेबलाखाली निळी ट्रॉली बॅग दिसेल. ती फक्त दाखवायची आहे. तुमची नंतर येणार.

सही मात्र तिथेच, उभ्या उभ्या करा. दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर केवढं हवं, सरकारी परिपत्रक मराठीतून का नाही, यासाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, काळे कपडे घालून फिरलो. त्याच हाताने मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांतल्या अटींवर सही करताना, "मराठीत द्या की" असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. मीही म्हटलं नव्हतं. बॅग बघत होतो.

आता हिशोब. माझ्या कार्डाला वर्षाची फी ९९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७८ रुपये आणि वर काही पैसे. बदल्यात ४००० पॉइंट. चार हजार म्हटल्यावर छाती फुगते. एका पॉइंटची किंमत मात्र २५ पैसे, म्हणजे हातात हजार रुपये. एकशे अठ्ठ्याहत्तर रुपयांच्या आसपास आपणच बँकेला बोनस दिला. पण बॅग आहे ना! ती मिळवायला साठ दिवसांत फक्त तीस हजार खर्च करायचे.

तुम्ही म्हणाल, सोपं आहे, पेट्रोल भरू. पेट्रोल इकडे स्वस्त म्हणून कोल्हापूरकडची मंडळी निपाणीपर्यंत येऊन टाकी फुल्ल करून जातात, आपण तर इथलेच. पण पेट्रोल धरत नाहीत. घरभाडं धरत नाहीत. वॉलेटमध्ये टाकलेले पैसे धरत नाहीत. हे सगळं त्या मुंगीअक्षरांत होतं. उरतं काय, तर ज्याची गरज नाही ते. म्हणून मी एअर फ्रायर घेतला. एकदाच भजी केली त्यात. आई म्हणाली, "वाळवणं चांगली झालीत."

लग्नाचा बस्ता असेल तर मात्र सोनेरी संधी. तीस हजार चुटकीसरशी. फक्त शालू, पैठण्या, मानपानाच्या साड्या बांधून झाल्या की शेटजी कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता म्हणतील, "कार्ड असेल तर दोन टक्के जास्त पडतील हं." तीस हजारांचे सहाशे. असं जास्त घेता येत नाही म्हणून वाद घालायचा असतो, पण व्याही शेजारी बसलेले असतात. द्या.

लाउंजची सोय तर विचारूच नका. विमानतळावर दोन रुपयांत पोटभर नाश्ता! आपला प्रवास राणी चन्नम्मा एक्सप्रेसने, डब्यात चपाती-भाजी आणि नातेवाइकांसाठी कुंदा. तरी हरकत नाही, सुविधा असल्याचं समाधान असतं. आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला तरच आत सोडतात, हे कळल्यावर समाधान किंचित कमी होतं.

आता बिल. पूर्ण भरू नका, तो भित्र्या लोकांचा मार्ग. आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर तसले. त्यांनी मुलीच्या लग्नाआधी महिनाभर कार्ड काढलं, तसाही होणारच होता तो खर्च त्यावर केला, तारखेच्या चार दिवस आधी पै न् पै भरली, आणि दुसऱ्या वर्षाची फी लागायच्या आत कार्ड बंद करायचा अर्ज दिला. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर रोजचे पाचशे बँकेने द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्यांना पाठ. अशा माणसांमुळे बँका चालत नाहीत.

बँका आपल्यामुळे चालतात. बिलावर ठळक अक्षरांत 'किमान देय' असतं, पाच टक्के, दीड हजार. तेवढंच भरा आणि निवांत झोपा. मग महिना पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला पंचेचाळीस. व्याज खरेदीच्या दिवसापासून. त्या व्याजावर परत जीएसटी. तीस हजारांवर महिन्याला तेराशेच्या वर. शिवाय पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत गेली, त्यामुळे पुढच्या महिन्यातल्या तूरडाळीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू. सावकार निदान अंगणात येऊन चहा पितो.

कार्डावर वर्षाला तीस टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निर्णय रद्द केला. आपला सीमेचा दावा तिथेच २००४ पासून पडून आहे. बँकांचा लागला. वाईट वाटून घेऊ नका, वाट बघण्यात आपला हात कोण धरणार? बॅगेचं काय, नव्वद दिवसांत येते.

माझी आली. निळी नव्हती, आणि ट्रॉलीही नव्हती. आईने तिच्यात बासमती भरून माळ्यावर टाकली.

तेव्हा उद्या सकाळी पिग्मीवाले काका नेहमीसारखे रोजच्या बचतीचे पन्नास रुपये न्यायला दारात उभे राहिले, की त्यांना सांगा: "काका, दोन महिने नको. तीस हजार खर्च करायचेत."