पानथरी काढणं हाच एक उपाय नाही

पानथरीत (प्लीहा, पोटात डाव्या बरगडीखालचा अवयव) गळू म्हणजे ऑपरेशनच, असा तुमच्या लेखाचा सूर आहे. पटला नाही. आमच्या थोरल्या दिरांना मधुमेह. तीन आठवडे ताप, डाव्या बरगडीखाली दुखणं, शिवाय डावा खांदा धरलेला. खांद्याचं दुखणं पानथरीमुळेच, आणि आम्ही आपले खांद्याला बाम चोळतोय! टायफॉइडच्या गोळ्याही झाल्या. शेवटी सोनोग्राफीत संशय आला, सीटी स्कॅनमध्ये एकच मोठं गळू निघालं. एकच म्हणून सोनोग्राफीवर बघत पू काढायला नळी घातली. पिशवीत पिठल्यासारखा पू. कल्चर (पुवातले जंतू ओळखायची तपासणी) बघून अँटिबायोटिक बदलली. टूडी इकोही (हृदयाची सोनोग्राफी) केला, कारण हृदयाच्या झडपेवरचे जंतू रक्तातून पानथरीत पोचू शकतात. पानथरी वाचली. गळवं अनेक असली तर बहुधा काढावीच लागते, मान्य. पण पानथरी नसली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून मग न्यूमोकॉकससारख्या (न्यूमोनिया करणारा जंतू) जंतूंवरच्या लसी घ्याव्या लागतात, त्याचा लेखात उल्लेखही नाही.