डोमेनचं नाव दिलं की सगळे कॉम्प्युटर सापडतात?

पुण्यातल्या सिस्टीम ॲडमिन मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: ॲडमिन सॉफ्टवेअरला डोमेनचं (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या विंडोज कॉम्प्युटरांच्या गटाचं) नाव दिलं की नेटवर्कवरचा प्रत्येक कॉम्प्युटर यादीत येतो, यादीत नाही तो नेटवर्कवरच नाही, पिंगला ('आहेस का?' असं विचारणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर देत नाही तो बंद आहे. तिन्ही विधानं चूक आहेत, आणि दुसरं तर धोक्याचं.

डोमेनचं नाव दिल्यावर सॉफ्टवेअर नेटवर्कभर शोधत फिरत नाही. ते डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारून डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन सांभाळणारा सर्व्हर, गाठतं आणि त्याच्याकडच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरी या नोंदवहीतली कॉम्प्युटर अकाउंट्स मागवतं. रेशनकार्डावर नाव आहे म्हणून माणूस घरात असतोच असं नाही, तसंच हे. भंगारात गेलेल्या लॅपटॉपचं अकाउंट कुणी काढलं नसेल, तर तो यादीत दिसणारच. अशी अकाउंट्स ओळखायला 'लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प' बघतात, पण मूळ सेटिंगमध्ये ती तारीख १४ दिवसांपर्यंत मागे राहू शकते. त्यामुळे 'आठवडाभर लॉगऑन नाही, उडवून टाका' असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका. आणि स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टची यादी बरोबर १००० वर थांबत असेल, तर पेजिंग (नोंदी टप्प्याटप्प्याने मागवणं) लावायचं राहिलंय. डोमेन कंट्रोलर मूळ सेटिंगनुसार एका खेपेला तेवढ्याच नोंदी देतो.

आता दुसरं विधान. चाकण-भोसरीच्या शॉपफ्लोअरवर सीएनसी मशीनला जोडलेला, जुन्या विंडोजवर चालणारा कॉम्प्युटर डोमेनमध्ये घेतलेलाच नसेल, तर तो या यादीत येणार कुठून? एक्सप्लोररच्या 'नेटवर्क'मध्ये दिसेल म्हणावं, तर तो शोध मल्टिकास्टवर (एकाच वेळी अनेक मशीनना जाणाऱ्या संदेशांवर) चालतो आणि सहसा राउटर ओलांडत नाही. शिवाजीनगरच्या ऑफिसात बसून चाकणचा प्लांट त्यात दिसत नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा तो ज्या त्रुटीतून शिरत होता तिचा पॅच (दुरुस्ती) सपोर्ट चालू असलेल्या विंडोजसाठी मार्चमध्येच आलेला होता. ज्या मशीनची नोंदच नाही, त्याला पॅच लावायचं कुणाच्या लक्षात येणार? म्हणून प्रत्येक सबनेटची (नेटवर्कच्या तुकड्याची) आयपी रेंज स्कॅन करा आणि निकाल डीएचसीपीच्या लीज (कुणाला कुठला आयपी दिला त्याच्या नोंदी) व स्विचच्या मॅक टेबलशी (कुठल्या पोर्टला कुठलं मशीन जोडलंय त्या यादीशी) ताडून बघा. काम किचकट आहे, पण याला पर्याय नाही.

पिंगचं थोडक्यात सांगतो. विंडोज फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये सहसा पिंग अडवते, म्हणून व्यवस्थित चालू असलेलं मशीनही गप्प राहतं. त्याच सबनेटमध्ये असाल तर एआरपी स्कॅन (आयपीवरून मशीनचा हार्डवेअर पत्ता विचारणं) करा. राउटरपलीकडे ४४५ आणि १३५ हे विंडोज वापरत असलेले पोर्ट तपासा. उलटही घडतं: नावाला पिंग केलं, उत्तर आलं, पण उत्तर देणारं मशीन भलतंच. विंडोजच्या डीएनएस सर्व्हरवर जुन्या नोंदी काढणारं स्कॅव्हेंजिंग मुळात बंद असतं, त्यामुळे जुनं नाव दुसऱ्याच मशीनला मिळालेल्या आयपीकडे बोट दाखवत राहतं. उत्तर आल्यावरही डब्ल्यूएमआयने (विंडोज मशीनची माहिती दुरून विचारायच्या सोयीने) मशीनलाच त्याचं नाव विचारा आणि मगच यादीत टिक करा.